निधिसंकलनाची सायंकाळ : एक औचित्यविचार

१

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात निधिसंकलनासाठी एखादी उत्सवी सायंकाळ योजण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगलीच रूढ झाली आहे. न्यूयॉर्क येथील अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयाची वार्षिक मेजवानी हे तिचे ठळक उदाहरण होय. सागरी जीवसृष्टीच्या दालनात छतापासून लोंबणाऱ्या, ९४ फूट लांबीच्या निळ्या देवमाशाच्या प्रतिकृतीखाली मेजे मांडली जातात, मंद दिव्यांत भोजन होते, भाषणे होतात आणि देणग्यांचे आकडे उच्चारले जातात. विद्यापीठांच्या अखत्यारीतील संग्रहालयेही हाच मार्ग अनुसरू लागली आहेत. महाराष्ट्रात ही प्रथा अद्याप स्थिरावलेली नाही. तथापि, संस्थांनी शासकीय अनुदानावर विसंबून न राहता आपला निधी आपणच उभारावा, असा आग्रह येथेही वाढत असल्यामुळे तिचा विचार वेळीच होणे इष्ट आहे.

अशा सायंकाळीचे मूल्यमापन सामान्यतः दोन प्रकारे होते. संयोजक तिचा विचार हिशेबाच्या अंगाने करतात : खर्च किती झाला आणि जमा किती झाली. टीकाकार तिचा विचार नीतीच्या अंगाने करतात : ज्ञानाच्या मंदिरात मेजवानी शोभते काय. दोन्ही प्रश्न रास्त असले तरी अपुरे आहेत. निधिसंकलनाची सायंकाळ हा मुळात एक प्रयोग असतो. त्याला रंगस्थळ असते, नेपथ्य असते, संवाद असतात आणि प्रेक्षकही असतात. तेव्हा प्रयोगाला लावावयाचे निकष तिला लावता आले पाहिजेत. त्या निकषांपैकी सर्वांत उपयुक्त ठरणारा निकष म्हणजे औचित्य. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्यास काव्याचे जीवित मानले. जे ज्यास अनुरूप ते उचित, अशी त्याची साधी भूमिका आहे. अलंकार कितीही मोलाचा असला तरी तो अस्थानी पडला म्हणजे शोभा देत नाही, उलट हास्यास्पद ठरतो. या भूमिकेवरून प्रस्तुत विषयापुरता एकच प्रश्न निष्पन्न होतो : त्या सायंकाळी प्रेक्षकास जे दाखविले जाते आणि ज्यासाठी त्याच्याकडे द्रव्य मागितले जाते, या दोहोंत अनुरूपता आहे काय?

२

या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणारा एक प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेला आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्यासाठी एकत्र आल्या. केशवरावांनी धैर्यधराची आणि बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवरावांचे निधन झाले, त्यामुळे या प्रयोगाच्या स्मृतीस एक करुण छटाही प्राप्त झाली आहे.

हा प्रयोग त्यातील गायनामुळे गाजला हे खरेच. परंतु औचित्याच्या दृष्टीने पाहता त्याचे यश अधिक खोल आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचा विषयच मुळी धन आणि योग्यता यांतील द्वंद्व हा आहे. निर्धन म्हणून अव्हेरला गेलेला वीर आणि धनावरून माणसाची किंमत करणारी, पण अखेरीस त्या मोजमापाचा फोलपणा ओळखणारी नायिका, यांची ती कथा. ज्या प्रेक्षकांनी त्या दिवशी तिकिटासाठी पैसे मोजले, त्यांना धनापेक्षा शौर्य थोर असल्याचे नाट्य पाहावयास मिळाले आणि त्यांचे धन एका राष्ट्रीय कार्यास गेले. शिवाय दोन मंडळ्यांनी आपापली स्पर्धा बाजूस ठेवून एका रंगमंचावर उभे राहणे ही गोष्टच त्या फंडामागील ऐक्याच्या आवाहनाची मूर्तिमंत प्रतिमा होती. तात्पर्य, येथे दाखविलेली वस्तू आणि मागितलेली मदत यांत फट नव्हती.

याहून एक साधी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. नाटक ही सायंकाळीच पूर्ण होणारी कला आहे. पडदा पडला की प्रेक्षकाने मोजलेल्या मोलाचा मोबदला त्यास मिळालेला असतो. जी वस्तू एका सायंकाळीत पूर्णपणे प्रकट होऊ शकते, तिच्यासाठी सायंकाळ हे माध्यम स्वभावतःच अनुरूप होय. निसर्गेतिहासाचा संग्रह ही त्या जातीची वस्तू आहे काय, हे आता पाहावयाचे आहे.

३

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात सामान्य प्रेक्षकास दिसतो तो पेंढा भरलेला वाघ, देवमाशाचा सांगाडा किंवा काचेमागे मांडलेला जंगलाचा देखावा. परंतु संग्रह म्हणजे हे नव्हे. संग्रहाचा फार मोठा भाग कपाटांच्या खणांत असतो : उताण्या ठेवलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांच्या रांगा, टाचणीने टोचलेले कीटक, बाटल्यांतील मासे, पेट्यांतील हाडे. त्यांपैकी प्रत्येकाच्या पायाला किंवा अंगाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर स्थळ, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाराचे नाव एवढीच माहिती असते. ही चिठ्ठी हरवली की उरते ते केवळ कातडे. शास्त्राच्या दृष्टीने त्या वस्तूचा प्राण चिठ्ठीत असतो, देहात नव्हे.

याची प्रचीती अनेकदा आली आहे. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली शाही ससाण्याच्या अंड्यांची कवचे पूर्वीपेक्षा पातळ झाल्याचे दाखवून दिले. ही पातळी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, म्हणजे डीडीटीसारखी कीटकनाशके प्रचारात आल्याच्या काळाशी जुळत होती. हा निष्कर्ष निघाला तो जुन्या हौशी संग्राहकांनी खणांत जपून ठेवलेल्या आणि तारखा घातलेल्या अंड्यांवरून. ती अंडी गोळा करणारांपैकी एकाच्याही मनात कीटकनाशकांचा विचार असणे शक्य नव्हते. संग्रहाचा उपयोग असा पुढे, अनपेक्षित ठिकाणी होतो. म्हणून तो अखंड राखावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, एक उदाहरण घेता येईल. सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य स्थापन झाले. श्रीगोंदे, कर्जत, नेवासे या तालुक्यांतील क्षेत्र त्यात समाविष्ट होते. पुढे अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले आणि माळढोकही महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. अशा प्रसंगी पूर्वी हा पक्षी नेमका कोणत्या माळावर वावरत होता, हे सांगू शकेल अशा साधनांत संग्रहातील नमुन्याची चिठ्ठी महत्त्वाची ठरते. चिठ्ठीवर गाव आणि महिना असेल तर तो नमुना साक्षीदार ठरतो. केवळ 'दख्खन' असा शब्द असेल तर तो शोभेची वस्तू होतो. पेंढा भरलेला माळढोक मेजवानीच्या दालनात उत्तम शोभेल यात शंका नाही. परंतु त्याची किंमत ज्यात आहे ती बोटभर चिठ्ठी मेजावरून वाचता येत नाही.

या संग्रहाचे आयुष्य टिकविण्यासाठी काय लागते? कपाटे घट्ट मिटणारी असावी लागतात. कीड लागू नये म्हणून खणांची नियमित तपासणी करावी लागते. बाटल्यांतील द्रव उडून जातो, तो पुनःपुन्हा भरावा लागतो. विजेच्या तारा तपासाव्या लागतात. नोंदवही अद्ययावत ठेवावी लागते आणि मुख्य म्हणजे हे सर्व करणारा जाणता मनुष्य पगारावर असावा लागतो. यांपैकी एकही गोष्ट प्रेक्षणीय नाही आणि एकही एका सायंकाळीत आटोपणारी नाही. दरवर्षी त्याच क्रमाने, कोणाच्याही लक्षात न येता, ती करावी लागते.

४

येथे औचित्यभंगाचे मूळ सापडते. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. वेषभूषा, अलंकार आणि रंगसाधने यांचा अंतर्भाव आहार्यात होतो. मेजवानीच्या सायंकाळी संग्रहालयातील वस्तूंना आहार्याचे स्थान मिळते. देवमासा छत होतो, हत्ती कमान होतो आणि काचेमागचा देखावा भिंतीवरील चित्र होतो. ज्या वस्तू दिवसा बोलत असतात, त्या सायंकाळी नेपथ्य होऊन मुक्या राहतात. वाचिक अंग तेवढे भाषणांकडे जाते आणि त्या भाषणांचा विषय बहुधा दाता हाच असतो. ज्या संग्रहासाठी हा खटाटोप, त्यास प्रयोगात भूमिकाच उरत नाही.

हा दोष केवळ अभिरुचीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु जे दाखविले जाते त्याच्यासाठीच मनुष्य देतो, हा दानाचा स्वभाव आहे. ज्याने भव्य दालन पाहिले तो भव्य दालनासाठी देईल; त्याने कपाटाचा खण पाहिलेलाच नाही. म्हणून अशा निधीतून नवे दालन उभे राहते, नामफलक लागतो आणि खणांची तपासणी करणाराची जागा रिकामी राहते.

याचे एक अत्यंत बोलके उदाहरण रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे आहे. १८१८ साली स्थापन झालेले हे संग्रहालय तेथील संघीय विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली चालते. अनुदान आटत गेल्यामुळे त्याची देखभाल दीर्घकाळ खुंटली होती. वाळवीने पोखरल्यामुळे तेथील एका प्रचंड डायनासोरच्या सांगाड्याचे प्रदर्शन बंद पडले, तेव्हा ते पुन्हा सुरू करण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागण्यात आली आणि लोकांनी ती आनंदाने दिली. त्यानंतर, द्विशताब्दीच्याच वर्षी, २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री संग्रहालयास आग लागली. सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुसंख्य नष्ट झाल्या. कीटकांचा प्रचंड संग्रह जवळजवळ संपूर्ण गेला. आगीचे मूळ सभागृहातील वातानुकूलन यंत्रात असल्याचे पुढील तपासात आढळले. वनस्पतिसंग्रह आणि पृष्ठवंशीय प्राण्यांचा संग्रह वेगळ्या इमारतीत होते, म्हणून ते वाचले. या घटनेबद्दल वर्गणी देणारांना दोष देता येणार नाही. त्यांना डायनासोर दाखविण्यात आला, त्यांनी डायनासोरासाठी दिले. विजेच्या तारांसाठी वर्गणी मागण्याची वाचा कोणास फुटली नाही आणि ती फुटली असती तरी तारा पाहण्यास कोण आले असते, हा खरा प्रश्न आहे.

भारतातील परिस्थिती याहून वेगळी मानण्याचे कारण नाही. दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत नष्ट झाले. महाराष्ट्राच्या इतिहासात आगीऐवजी एका शांत घटनेची नोंद आहे आणि ती विचार करावयास लावणारी आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात १९२६ साली सलीम अली यांची मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. प्रेक्षकांस वस्तूंचा अर्थ समजावून सांगणे हे त्यांचे काम. पुढे ते पक्षिशास्त्राच्या अभ्यासासाठी रजेवर बर्लिनला गेले. १९३० साली परत येऊन पाहतात तो ती जागाच पैशाअभावी रद्द झालेली. लोकांच्या देणग्यांच्या आधाराने उभी राहिलेली ती भव्य घुमटाची वास्तू जागेवर होती. तिच्यातील वस्तूंना वाचा देणारा मनुष्य तेवढा ठेवता आला नाही. सलीम अलींनी त्या सक्तीच्या रिकामपणात किहीम येथे राहून सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला तो पुढे गाजला, हे शास्त्राचे भाग्य. संस्थेच्या दूरदृष्टीचे श्रेय त्यात नाही.

नेपथ्य झालेल्या वस्तू मुक्या राहतात, परंतु त्या निरर्थक होत नाहीत, हेही एका प्रसंगाने दिसून आले. २०१९ साली ब्राझील व अमेरिका यांच्या व्यापारी मंडळाने आपल्या मेजवानीसाठी न्यूयॉर्कचे उपरोक्त संग्रहालय भाड्याने घेतले होते आणि त्या समारंभात ब्राझीलचे तत्कालीन अध्यक्ष बोल्सोनारो यांचा सत्कार व्हावयाचा होता. ॲमेझॉनच्या अरण्याविषयीचे त्यांचे धोरण पाहता शास्त्रज्ञांनी आणि खुद्द संग्रहालयातील अभ्यासकांनी तीव्र हरकत घेतली. अखेर एप्रिल महिन्यात संग्रहालयाने तो समारंभ आपल्या वास्तूत होणार नसल्याचे जाहीर केले. दालन म्हणजे केवळ भाड्याची जागा असती तर हा वाद उद्भवलाच नसता. तेथील प्राण्यांच्या सान्निध्यात कोणाचा गौरव होतो यास अर्थ असतो, हे हरकत घेणारांनी जाणले. औचित्यविचार याहून वेगळे काय सांगतो?

५

आता हा प्रश्न प्रवरेच्या काठी आणून पाहणे युक्त ठरेल. अहिल्यानगर जिल्ह्यास निसर्गेतिहासाचे आणि मानवेतिहासाचे असामान्य धन लाभले आहे. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील गाळाच्या थरांतून नामशेष झालेल्या रानबैलांचे व हत्तींचे अश्मीभूत अवशेष मिळाले आहेत. ज्ञानेश्वरांच्या नेवाशास हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले. त्याच परिसरातील चिरकी येथे गुडरून कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात अश्मयुगीन स्थळ उकरले. ही कामे डेक्कन कॉलेजच्या परंपरेतील होत. आज अभिमत विद्यापीठ असलेल्या त्या संस्थेत जी. एल. बादाम आदी अभ्यासकांनी प्राचीन प्राण्यांच्या अस्थींचा अभ्यास चिकाटीने चालविला. विद्यापीठीय निसर्गेतिहास म्हणतात तो हाच : नदीच्या काठावरून उचललेले हाड, त्याच्यावर घातलेला क्रमांक आणि त्या क्रमांकाची नोंदवहीतील ओळ.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझ शिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. ही शिल्पे आज जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या संग्रहालयांच्या संग्रहात गेली आहेत आणि भारतीय कलेच्या बहुतेक इतिहासग्रंथांत त्यांची छायाचित्रे आढळतात. कोणत्याही मेजवानीच्या निमंत्रणपत्रिकेवर ती शोभून दिसतील.

परंतु त्यांतील गेंडा अभ्यासकास एक पेच घालतो. प्रवरेच्या खोऱ्यात आज गेंडा नाही. मग शिल्पकाराने तो कोठे पाहिला? येथेच पाहिला, की दूरच्या प्रदेशातून आलेल्या परंपरेनुसार घडविला? गुजरातमधील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले, त्यावरून हा प्राणी एके काळी पश्चिम भारतात पुष्कळ खाली वावरत होता एवढे दिसते. शिल्पांच्या काळाविषयीही मतभेद आहेत. मधुकर ढवळीकरांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून ती पुष्कळ नंतरची असावीत अशी शंका घेतली. या पेचाचे उत्तर शिल्पाकडे पाहून मिळणार नाही. ते मिळाले तर उत्खननांतील हाडांच्या पेट्यांतून मिळेल. एखाद्या पेटीत, बैलाच्या आणि शेळीच्या शेकडो तुकड्यांत, एक वेगळा तुकडा असेल आणि तो ओळखणारा मनुष्य ती पेटी उघडेल, तेव्हाच मिळेल. ब्राँझचा गेंडा सायंकाळीच्या प्रकाशात झळकतो. त्याचा अर्थ मात्र अंधाऱ्या खोलीतील पेटीत आहे. निधिसंकलनाच्या सायंकाळीतील विसंगती याहून स्पष्टपणे मांडता येणार नाही.

दायमाबादच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट पुढे येते. मेजवानीच्या सायंकाळी ज्यांची नावे उच्चारली जातात ते पैसा देणारे असतात. परंतु निसर्गेतिहासाच्या संग्रहाचे आद्य दाते वेगळेच : मूळ खणणारा भिल्ल, जाळ्यात अनोळखी मासा आणून देणारा कोळी, पक्ष्याचे घरटे दाखविणारा गुराखी. त्यांनी दिलेली वस्तू नसेल तर द्रव्यदात्याच्या द्रव्यास करण्यासारखे कामच उरत नाही. नोंदवहीत यांपैकी काहींची नावे असतात, नामफलकावर ती कधीच नसतात. नोंदवही आणि नामफलक यांतील हे अंतर म्हणजे त्या संस्थेच्या स्मृतीतील अंतर होय.

६

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून जाणे योग्य होणार नाही. संग्रहालये दरिद्री आहेत. अशा स्थितीत मिळणाऱ्या पैशाच्या रीतीभातीची चिकित्सा करणे ही चैन आहे, असे म्हणता येईल. श्रीमंतांच्या औदार्याखेरीज यांतील किती संस्था उभ्या राहिल्या असत्या? हा आक्षेप अर्धा खरा आहे. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ व्यक्तींनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पुढच्याच वर्षी तिच्या संग्रहास फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या पेढीत खोली दिली. तेव्हा मद्याच्या सान्निध्याने शास्त्र बाटते असे म्हणण्यात अर्थ नाही. पैसा कोठून आला यापेक्षा देणारास काय दाखवून तो मागितला, हाच येथे प्रश्न आहे.

त्याच सोसायटीने १९११ साली भारतातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यासाठी सभासद, संस्थानिक आणि शासन यांच्याकडे वर्गणीचे आवाहन करण्यात आले. क्रम्प यांनी पहिला संग्रह खानदेशात केला. रॉटन यांनी त्यावर पहिला अहवाल लिहिला आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ एकेका प्रदेशाचे अहवाल निघत राहिले आणि १९२३ पर्यंत हे काम चालले. येथे वर्गणीदारास काय मिळाले? कोणता प्राणी, कोणत्या गावी, किती उंचीवर, किती नमुने, अशी नोंदवहीच जणू त्याच्या हाती आली. ज्यासाठी पैसा मागितला तेच त्यास दाखविण्यात आले. त्यास मेजवानीची झळाळी नव्हती. पण 'संयुक्त मानापमान'ला साधलेली अनुरूपता, अगदी भिन्न साधनांनी का होईना, येथेही साधली.

प्रवरेच्या काठावर तर याहून निकटचा पाठ उपलब्ध आहे. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवून आणि धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षस्थानी आणून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. भाग घेणारा शेतकरी दाता नव्हता, भागीदार होता. त्यास वार्षिक सभेत उभे राहून हिशेब विचारण्याचा अधिकार होता. देणगी आणि भाग यांतील भेद येथे आहे. देणगी एका सायंकाळीत देऊन होते आणि तिची परतफेड त्याच सायंकाळी टाळ्यांनी होते. भाग घेणारा दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो आणि काय झाले ते विचारतो. ज्या कामाचा स्वभाव वार्षिक आहे, त्यास पुरवठाही वार्षिकच असावा लागतो. साखरेचा कारखाना आणि हाडांचा संग्रह यांत साम्य थोडे असले तरी एवढे एक साम्य निश्चित आहे की दोन्ही उद्घाटनाने चालत नाहीत.

तेव्हा एखाद्या विद्यापीठाने किंवा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने आपल्या निसर्गेतिहास संग्रहासाठी सायंकाळ योजावयाचे ठरविले, तर ती योजू नये असा निष्कर्ष या विवेचनातून निघत नाही. तिची रचना बदलावी, एवढाच निघतो. पाहुण्यांस दालनात बसविण्यापूर्वी संग्रहाच्या खोलीत न्यावे. एक खण उघडावा. एका नमुन्याची चिठ्ठी मोठ्याने वाचावी आणि ती ज्याने लिहिली व ज्याने तो नमुना आणून दिला, त्या दोघांची नावे घ्यावीत. कीड लागलेला एखादा खणही दाखवावा; दारिद्र्य झाकून ठेवलेल्या घरास मदत मिळत नाही. त्यानंतर मागणी करावी ती एका पदाच्या पगाराची आणि एका वर्षाच्या देखभालीची. आणि वर्षअखेर त्याच पाहुण्यांस त्याच खणाशी पुन्हा बोलवावे. अशा सायंकाळीस गर्दी कमी जमेल आणि पहिल्या वर्षी रक्कमही बहुधा कमी जमेल. परंतु जे जमतील त्यांना आपण कशासाठी दिले हे ठाऊक असेल, आणि दुसऱ्या वर्षी ते त्याचा जाब विचारतील.

औचित्य हे रसाचे जीवित आहे, असे क्षेमेंद्राने काव्याविषयी म्हटले. संग्रहाविषयी तसेच म्हणावयाचे तर संग्रहाचे जीवित चिठ्ठीत आहे आणि चिठ्ठीचे जीवित ती वाचणाऱ्या मनुष्यात आहे. निधिसंकलनाची जी सायंकाळ त्या मनुष्याची जागा कायम राखते ती उचित होय, मग तिचा थाट कसाही असो. जी सायंकाळ देवमाशाखाली भोजन देऊन संपते आणि दुसऱ्या दिवशी ज्या संग्रहालयात खण उघडणारा कोणी नसतो, त्या सायंकाळीची जमा कितीही मोठी असली तरी संग्रहाच्या हिशेबात ती खर्चाच्याच बाजूस लिहावी लागेल.